हाडकी

चुलतभावाचा गावाकडनं फोन आला. म्हणाला, "दादा, हाडकी विकायचं चाललंय. तुझी सही लागंल."

म्हटलं, "माझी कशाला?"

"सातबाऱ्यावर तुझं नाव हाय की."

उतारा काढून बघितला. दीड एकर. म्हंजे 60 गुंठे. त्यावर नावं 34. एकेकाच्या वाट्याला धड दोन गुंठेही येत नाहीत. त्या 34 जणांत मी आहे. जन्मात एकदाही नांगराच्या मुठीला हात न लावलेला मी. आणि थोरली आय? तिचं नाव कुठंच नाही. जुने फेरफार काढले. त्यातही नाही.

थोरली आय म्हंजे माझी पणजी. माझ्या वडलांची आजी.

आम्ही मुंबईला, वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. वडील गिरणीत. मे महिन्यात आणि दिवाळीला आम्हा पोरांना माणदेशात गावी धाडायचे. एस.टी. फाट्यावर सोडायची. तिथं थोरली आय उभी असायची. हातात काठी, पाय अनवाणी. ती आम्हाला गावातनं न्यायची नाही. ओढ्याओढ्यानं न्यायची. मला वाटायचं, ही जवळची वाट असंल. ती लांबची वाट होती, आणि तिनं का जावं लागतं, हे कळायला मला दहावं वर्ष उजाडलं.

हाडकी म्हंजे आमची महारवतनाची जमीन. ओढ्याच्या कडेला, मुरमाड. काळी जमीन गावाची, मुरूम आमचा. पूर्वी गावचं मेलेलं ढोर ओढून इथंच आणायचे, इथंच सोलायचे. नांगर चालला की ढेकळाबरोबर हाडूक वर यायचं. मी एकदा बैलाची बरगडी तलवार म्हणून खेळायला घेतली. ती रागावली नाही. म्हणाली, "टाक ती मातीत. तिचं खत व्हतंय. लई राबलंय जनावर, आजून जरा राबू दे." आणि हसली. तोंडात एक दात नव्हता.

जनावराचं सांगत होती का आपलंच, ते तिलाच ठाऊक.

या दीड एकरापायी आमची माणसं पिढ्यान्पिढ्या येसकरकी-तराळकी करत राहिली. साहेबाच्या घोड्यापुढं पळा. मयताचा सांगावा घेऊन रातोरात परगावी जा. सारा वसुलीला माणसं बोलवून आणा. आणि सरकारदप्तरी आम्ही कोण, तर वतनदार! 1874 च्या वतन कायद्याचा हा फास. तो सोडवायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं. 1929 ला ते मागं घ्यावं लागलं.

1956 ला नागपूरला दीक्षा झाली आणि वारं आमच्या वस्तीतही आलं. वस्तीनं ढोर ओढायचं सोडलं. थोरल्या आयनं दारातली येसकराची काठी चुलीत घातली. गावानं बलुतं बंद केलं, मजुरी बंद केली. गिरणवाला दळण घेईना. त्या साली आमच्या घरात जे शिजलं ते हाडकीवरचं. जात्यावर दळलेली बाजरी नि हुलग्याचं माडगं. ज्या जमिनीनं आम्हाला गावाच्या दावणीला बांधलं, तिच्याच जोरावर आम्ही दावं तोडलं. हे पुस्तकात वाचलेलं नाही. तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

वतन गेलं ते 1 ऑगस्ट 1959 ला. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, लागू झाला तेव्हा. काम सुटलं, पण जमीनही सरकारजमा झाली. आपलीच जमीन आपल्याला परत पाहिजे तर साऱ्याच्या पटीत पैसे भरा! वर नवी शर्त. कलेक्टरच्या परवानगीबिगर विकता येणार नाही.

पणजोबा कधीच वारलेले. आजोबा मुंबईला गोदीत. पैसे भरले थोरल्या आयनं. दोन शेरडं विकली आणि तालुक्याला चालत गेली. नोटा पदराच्या गाठीत. तिथं म्हणाले, नाव सांग. हिनं लेकांची नावं सांगितली. आपलं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि हिचं नाव विचारायचं कारकुनाच्याही मनात आलं नाही.

मला तिची एक दिवाळी विसरता येत नाही. हाडकीवर बाजरीची मळणी चालली होती. खळं सारवलेलं. मी सवयीनं कडेला उभा. बघून बघून ती सवय मलाही लागली होती. ती ओरडली, "भाईर का हुबा? दुसऱ्याच्या खळ्यावर भाईर हुबं ऱ्हायाचं. ती वरनं टाकनार, आपण पदर धरायचा. हात लागला तर इटाळ. ह्ये आपलं खळं हाय. मधी ये." मला दंडाला धरून तिवड्यापाशी नेलं आणि दोन्ही ओंजळी बाजरीत कोपरापर्यंत बुडवल्या. दाणे गरम होते.

1972 च्या दुष्काळात चुलत्या खडी फोडायला गेल्या. ही ऐंशीच्या घरातली म्हातारी उजाड हाडकीची राखण करत बसायची. कशाची राखण? कुसळ नव्हतं तिथं. 1974 ला गेली. मसणवाट्याचा रस्ता गावातनं, म्हणून तिला हाडकीच्या बांधालाच जाळली.

आता चुलतभाऊ म्हणतो, परवानगीचं बघतो, गिऱ्हाईक आहे. त्याचंही खोटं नाही. त्याच्या पोरीची नर्सिंगची फी भरायची आहे. मी मुंबईत पेन्शन खाऊन त्याला जमिनीची माया शिकवायची, हे मला शोभत नाही. पण सही करायला हात उचलत नाही. जिनं पैसे भरले, तिचं नाव नाही. तिच्या हाडकीचा कागद माझ्या सहीनं परक्याच्या नावावर जायचा.

म्हटलं, "मी गावाला येतो. समोरासमोर बोलू."

म्हणाला, "ये की. फाट्यावर गाडी घिऊन येतो."

म्हटलं, "गाडी नको. चालत येणार हाय. ओढ्यानं नाही, वेशीतनं."

तो हसला. "दादा, आता येशीत कोण अडवत न्हाई."

न अडवू देत. मला तिथनं चालायचंय.