ढगाखाली कोण राहतं?

उत्तर प्रशांत महासागरावर उन्हाळ्यात कमी उंचीच्या, सपाट ढगांचा थर पसरलेला असतो. उपग्रहाच्या चित्रात त्या थरावर कधीकधी लांबलचक पांढऱ्या रेघा दिसतात, एकमेकींना छेदत गेलेल्या. ढगाखालून जहाजं गेलेली असतात आणि त्यांच्या धुराड्यातून निघालेले गंधकाचे कण वर जाऊन ढगात मिसळलेले असतात. १९६६ साली जॉन कॉनोव्हर यांनी या रेघांवर लिहिलं, तेव्हा हवामानाचे उपग्रह येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. ढग आणि हवेतले सूक्ष्म कण यांचं नातं हा माझा अभ्यासाचा विषय. जहाजं नकळत जे करत आली, ते पृथ्वी थंड ठेवण्यासाठी माणसाने मुद्दाम करावं का, या प्रश्नाइतका अवघड प्रश्न माझ्या विषयात दुसरा नाही.

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणावर धरतो. पाणी तेवढंच राहिलं आणि कण वाढले, की थेंब लहान होतात आणि संख्येने वाढतात. थेंबाची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ दुप्पट होतं. खडीसाखर कुटून तिची पिठीसाखर केली की ती पांढरीशुभ्र दिसते, तसा हा ढग उजळतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. शॉन टूमी यांनी सत्तरच्या दशकात हे गणित मांडलं. १९९० साली जॉन लॅथम यांनी त्यावरून सुचवलं, की समुद्राचंच पाणी अतिशय बारीक फवारून मिठाचे कण ढगांत सोडावेत. एडिंबराचे अभियंते स्टीफन सॉल्टर यांनी त्यासाठी वाऱ्यावर चालणाऱ्या, खलाशांविना फिरणाऱ्या नौकांचे आराखडे केले. जागाही ठरल्यासारख्याच होत्या: कॅलिफोर्निया, पेरू आणि नामिबिया-अंगोला यांच्या किनाऱ्यांसमोरचे ढगांचे थर.

महाराष्ट्राला ढगात मीठ सोडणं नवं नाही. २०१५ आणि २०१९ साली मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली, सोलापूरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने त्याचे शास्त्रीय प्रयोग केले. मात्र तिथे मोठे थेंब हवे असतात, एकमेकांवर आदळून पाऊस होऊन पडणारे. ढग उजळायचा तर थेंब लहान हवेत आणि पाऊस पडायला नको. दोन्हीकडे क्षारच, फरक कणाच्या आकाराचा. इथे हवा असलेला कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. कण बरेच मोठे निघाले तर ढगातून रिमझिम सुरू होते, ढग फाटतो आणि खालचा काळा समुद्र उलट जास्त तापतो. थेंब फारच बारीक झाले तरी ते ढगाच्या माथ्यावर लवकर सुकतात आणि ढग विरळ होतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरतो, तेव्हा त्यातले कण मोजताना हा नाजूकपणा आकड्यांत दिसतो. वारा समुद्रावरून आला की संख्या खाली जाते, खालच्या गावांत चुली पेटल्या की ती वर सरकते, आणि थेंबांचे आकार तिच्यामागोमाग बदलतात.

हे तंत्र सगळ्यात आधी उघड्या समुद्रावर आणलं ते ऑस्ट्रेलियाने, आणि त्यांची तळमळ मला समजते. ग्रेट बॅरियर रीफवरचे प्रवाळ २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी तापलेलं असताना वरून प्रखर ऊनही पडलं, की या शैवालात घातक ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. म्हणून सावलीचा फायदा दुहेरी: पाणी कमी तापतं आणि ऊनही सौम्य होतं. मार्च २०२० मध्ये सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या डॅनियल हॅरिसन यांच्या गटाने टाउन्सव्हिलपासून शंभरेक किलोमीटरवर, ब्रॉडहर्स्ट रीफजवळ, बोटीवरच्या पंख्यातून समुद्राचं पाणी फवारून पाहिलं. उन्हाळ्याचे काही कठीण आठवडे तेवढे सावली द्यावी, असा हेतू आहे. पण त्याच शैवालाला जगायला प्रकाशही लागतो. सावली किती आठवडे औषध असते आणि कधीपासून उपासमार होते, हे समुद्राच्या तळाशी प्रकाश मोजल्याशिवाय ठरणार नाही.

नामिबियाच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. तिथल्या किनाऱ्यावर वर्षाला वीसेक मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. नामिबचं वाळवंट जगतं ते थंड बेंग्वेला प्रवाहावर तयार होणाऱ्या ढगांवर आणि धुक्यावर. ओनिमॅक्रिस नावाचा काळा भुंगेरा धुकं आलं की वाळूच्या टेकडीचा माथा गाठतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं पाणी ओघळून त्याच्या तोंडाशी येतं. धुक्याचे थेंब बारीक झाले, की ते अंगावर आदळण्याऐवजी हवेबरोबर अंगाला वळसा घालून निघून जातात. म्हणजे हवेत पाणी तेवढंच असूनही भुंगेऱ्याला, दगडफुलाला कमी मिळण्याची शक्यता आहे. ढगांच्या प्रतिमानात भुंगेरा नसतो. तिथे फक्त परत गेलेल्या उन्हाचे वॅट मोजले जातात, आणि माझ्या क्षेत्राची ही मोठी उणीव आहे असं मी मानते. पेरूसमोर जे ढग आहेत, त्यांच्याखाली जगातली सगळ्यात मोठी एकाच जातीच्या माशाची मासेमारी चालते. तो अँकोव्हेटा प्लवकांवर पोसला जातो, आणि प्लवकांचं जगणं उन्हावर चालतं.

परिणाम ढगाखालीच थांबत नाहीत. ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या संशोधकांनी २००९ साली संगणकावर हे तिन्ही थर उजळून पाहिले, तेव्हा दक्षिण अटलांटिकमधल्या ढगांमुळे ॲमेझॉनच्या जंगलातला पाऊस घटला. २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेच्या पश्चिम भागाला आज उष्म्यापासून वाचवणारे उजळ ढग शतकाच्या मध्यापर्यंत निष्प्रभ होऊ शकतात, आणि युरोपातला उष्मा वाढवूही शकतात. आपला मोसमी पाऊस जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर उभा आहे. तो फरक कुणी दूरच्या महासागरात बदलणार असेल, तर निर्णयाच्या टेबलावर आपल्याला जागा हवी.

आणि कार्बन डायऑक्साइड जागच्या जागी राहतो. त्यामुळे समुद्राचं आम्लीकरण चालूच राहतं, शंख-शिंपल्यांना कवच बांधणं अवघड होत जातं. मिठाचे कण काही दिवसांत धुऊन जातात, म्हणून फवारणी अखंड लागते. ती मोठ्या प्रमाणावर चालू असताना एखाद्या युद्धामुळे बंद पडली, तर झाकलेली उष्णता थोड्या काळात एकदम अंगावर येईल आणि जीवसृष्टीला जुळवून घ्यायला वेळ मिळणार नाही.

तरीही संशोधनच बंद करा, असं मी म्हणणार नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. तो विषारी धूर जायलाच हवा होता. त्याबरोबर समुद्रावरच्या त्या पांढऱ्या रेघाही विरळ झाल्या. त्यामुळे तापमान किती वाढलं यावर वाद आहे, पण ढगांशी आपला खेळ आधीच चालू आहे, हे त्यातून कळतं. न समजता खेळण्यापेक्षा समजून घेणं बरं.

कसं समजून घ्यायचं, याचा धडा कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये तिथे हॉर्नेट या जुन्या विमानवाहू नौकेच्या डेकवर मिठाच्या पाण्याची छोटी फवारणी झाली. शहराने ती थांबवली. धोका नाही असा तज्ज्ञांचा अहवाल आला, तरी जूनमध्ये नगर परिषदेने परवानगी नाकारली. ज्यांच्या अंगावरून ती हवा जाणार होती त्यांच्याशी आधी बोलणं झालं नव्हतं, आणि नंतर आलेला अहवाल ती कसर भरून काढू शकला नाही.

म्हणून पुढची कुठलीही बोट निघण्याआधी तिथल्या मच्छीमारांची बैठक व्हावी, किमान दोन-तीन ऋतूंच्या आधीच्या नोंदी असाव्यात: पाण्यात दहा मीटर खोलीवर पोचणारा प्रकाश, रिमझिमीचं पाणी, धुक्याचे थेंब. आणि कण मोजणाऱ्या माझ्यासारखीच्या शेजारी, प्लवकांची जाळी पाण्यात सोडणारा जीवशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून त्याच बोटीवर असावा, फवारणी थांबवायला सांगण्याच्या अधिकारासह.