थरच्या माळावर (भाग १ : निघण्याआधी)

३ नोव्हेंबर, सोलापूर
जैसलमेरचं पक्कं झालं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं डेझर्ट नॅशनल पार्कला निघणार. महिना फार विचार करून निवडलाय. माळढोकाची वीण उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत चालते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आपल्या पायरवानं ती उठली, तर तिचं ते वर्षच वाया जायचं. हिवाळ्यात ती चिंता नाही. शिवाय उत्तरेकडून आलेली ग्रिफन गिधाडं, भोवत्या आणि चंडोलही तेव्हाच दिसतात.

५ नोव्हेंबर
आज नकाशा घेऊन बसलो. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. वाळूच्या टेकड्या आहेतच, पण पक्ष्यांसाठी खरं महत्त्व सेवण गवताच्या कुरणांना आणि खडकाळ माळाला. माळढोकासाठी सुदासरीच्या कुंपण घातलेल्या कुरणाचा भाग पाहायचा. त्यासाठी वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, दोन्हींची सोय आधी. समच्या तंबूंमध्ये रात्री गाणीबजावणी चालते. आम्हाला पहाटे निघायचंय, म्हणून मुक्काम खुरी गावात.

८ नोव्हेंबर
रेल्वेनं जोधपूर, तिथून पुढे जैसलमेरची गाडी. वाटेत फलोदीला उतरायचं ठरलं, कारण शेजारीच खीचन आहे. तिथं हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. गावकरी त्यांना ‘कुरजां’ म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालतात. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सकाळी दाणे टिपायला उतरणारे थवे पाहायचे, तर आदल्या रात्रीच फलोदी गाठायला हवी.

१४ नोव्हेंबर
आज नान्नजला जाऊन आलो. १९७९ मध्ये इथं माळढोकासाठी अभयारण्य झालं. गवत आहे, काळवीट आहेत. माळढोक दिसला नाही. आता आपल्याकडे तो दिसणं ही बातमी होते, म्हणून थरचा माळ वाचणं आपल्यालाही जिव्हाळ्याचं आहे. तिथला मोठा धोका विजेच्या तारांचा. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरची तार उशिरा दिसते आणि जड देहाला ऐनवेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले. २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञ समिती नेमली. समला २०१९ पासून कृत्रिम उबवणीतून पिल्लं वाढवली जात आहेत. आशा आहे, पण पिल्लांना सोडायला मोकळं आभाळ उरलं पाहिजे.

२० नोव्हेंबर
सामानाची यादी: ८×४२ची दुर्बीण, तिपाईवरचा स्कोप, मातकट रंगाचे कपडे, पहाटेच्या थंडीसाठी कानटोपी, भरपूर पाणी. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि स्कोपमधून लांबचा पक्षी धूसर दिसतो; म्हणून कुरणात सूर्योदयालाच पोहोचायचं. उन्हं वर आल्यावर पाणवठ्याशी थांबायचं, पाखुर्ड्यांचे थवे तेव्हा पाण्यावर येतात. पक्ष्यांचे आवाज वाजवणारं यंत्र नेणार नाही.

वाचकांपैकी कुणी जाणार असेल, तर एवढं पाळा: जीप मळलेली वाट सोडणार नाही, हे चालकाला आधीच बजावा. ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणू नका. माळढोक मान ताठ करून दूर चालू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात; तिथूनच मागे फिरा.