तुंबारा

आमच्या खटाव तालुक्यात पाण्याला नावं पुष्कळ. विहिरीचं, पाटाचं, ओढ्याचं, झिऱ्याचं, अलीकडं टँकरचं. पण अंगातनं बाहेर पडणाऱ्या पाण्याला मात्र नाव नव्हतं. शाळेत एक बोट वर केलं की मास्तरांना कळायचं. बायका ‘जाऊन येते’ म्हणायच्या, कुठं ते कुणी विचारायचं नाही. जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं. खडा झाला तर ‘पोटात कळ आली’. आणि पाणी तुंबलंच, तर काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

उन्हाळीला घरोघर औषध असायचं. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, पोटावर ओलं फडकं. मुतखड्याला कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं. या औषधांना मी हसत नाही. आमच्याकडं माणूस चैत्र-वैशाखात दिवसभर उन्हात राबतो, घामानं चिंब होतो आणि तांब्याभर पाण्यावर दिवस काढतो. अशा माणसाच्या पोटात चार दिवस कढण नि धन्याचं पाणी गेलं, की निदान पाणी तरी जातं. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा बहुतेक वेळा आपला आपण पडतोच, नाव मात्र पानफुटीचं होतं. पण खडा मोठा असला, किंवा कळेबरोबर थंडी वाजून ताप भरला, तर मग पानफुटी चघळत बसायची ती वेळ नसते. आमच्या भावकीतला एक गडी असाच तीन दिवस तापात पडून राहिला आणि एक मूत्रपिंड गमावून बसला.

पण मला सांगायचं आहे ते आबांचं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते.

आबा माळकरी. वीस-बावीस वर्षं त्यांची आषाढीची वारी चुकली नव्हती. गावची मंडळी लोणंदला जाऊन माउलींच्या पालखीत मिसळायची, त्यात आबा पुढं. साठी ओलांडली आणि एका वर्षी आबा म्हणाले, “औंदा माजं जमत न्हाई. गुडघं दुखत्यात.” दुसऱ्या वर्षीही तेच. तोच माणूस पेरणीच्या वेळी पाभरीमागं दिवसभर चालताना गावानं बघितला होता. त्यामुळं पारावर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आबाचं मन उडालं. कुणी म्हणालं, वाटणीच्या भांडणात माळेची शपथ घेतली, ती बाधली. आबा ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे.

गुडघ्यांचं काही नव्हतं. त्यांना रात्री पाच-पाच, सहा-सहा वेळा उठावं लागायचं. वारीत तंबूत माणसाला माणूस चिकटून झोपलेलं असतं. अंधारात वीस जणांना ओलांडून जायचं, बाहेर चिखलात पाच-पाच मिनिटं उभं राहायचं, चार थेंब टाकून परत यायचं आणि पाठ टेकली की पुन्हा कळ. आणि धोतराला डाग. आबांना खरा जाच या डागाचा होता. गळ्यात तुळशीची माळ आणि धोतर ओलं, अशा अंगानं माउलींच्या पालखीला हात लावायचा कसा, हे त्यांच्या मनातनं जात नव्हतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, तेही नानीकडनं.

1993 च्या माघात गावात सप्ताह बसला. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात जायची, दोन-दोन तासांचा पहारा. पहाटेचा पहारा वर्षानुवर्षं आबांचा. त्या वर्षी त्यांनी वीणा घेतली आणि अर्ध्या तासात माझ्या चुलतभावाच्या गळ्यात घालून देवळाबाहेर गेले. परत आले, पुन्हा वीणा घेतली, पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला ते आलेच नाहीत. देवळामागच्या लिंबाला टेकून उभे होते. मी गेलो तर म्हणाले, “तू जा रं, पहारा मोडंल.” डोळ्यांत पाणी होतं. आजोबा गेले तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलेलं नव्हतं.

दोनच दिवसांनी आबांना सर्दी झाली. किराणा दुकानातनं सर्दीची गोळी आणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ घेतली. त्या रात्री नानीनं मला उठवलं. “आरं, तुज्या आबास्नी बघ की. कायतरीच करत्यात.” माघाची थंडी, आणि आबा गोठ्याच्या भिंतीला धरून घामानं निथळत उभे. बेंबीखाली पोट घागरीसारखं टणक वर आलेलं. “दिस मावळल्यापासनं एक थेंब न्हाई,” म्हणाले. हा शब्द आबांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडला, तोही असा.

कांद्याची खेप टाकून आलेली शेजारची जीप होती, तीत घालून त्यांना वडूजला नेलं. खड्ड्यागणिक आबा कण्हत होते. डॉक्टर झोपेतनं उठून आले, पोटाला हात लावला आणि पहिलाच प्रश्न केला, “सर्दीची गोळी घेतली होती का?” मला वाटलं, या माणसाला अंतर्ज्ञान आहे. मग त्यांनी सांगितलं. म्हातारपणी वाट आधीच अरुंद झालेली असते. सर्दीच्या काही गोळ्यांनी ती आणखी आवळते, आणि मग हे असं कोंडतं. त्यांनी नळी घातली. पिशवी भरत चालली, लिटरच्या वर गेली. आबांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. विठ्ठलाचं नाव घेत असतील. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते मी कीर्तनातही बघितलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी नळी तशीच ठेवून मिरजेला जायला सांगितलं. “तिथं मूत्ररोगतज्ज्ञ आहेत.”

आबा म्हणाले, “म्हंजी नुसत्या ह्येच्यासाटनं वायला डागदर असतो?”

मायणी, विटा, तासगाव करत आम्ही मिरजेला पोचलो. वॉनलेस साहेबांनी 1894 साली तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून दुखणाऱ्या माणसानं मिरजेचा रस्ता धरायचा अशी आमच्या भागात रीतच पडली आहे. तिथले डॉक्टर तरुण होते. शेतकऱ्याशी कसं बोलायचं ते त्यांना कळत होतं. ते म्हणाले, “मूत्राशयाच्या तोंडाशी आवळ्याएवढी गाठ प्रत्येक पुरुषाला असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची वाट तिच्या मधनंच जाते. पन्नाशीनंतर गाठ वाढायला लागते आणि वाट दाबली जाते.”

आबांनी थोडा विचार केला. “म्हंजी पाटाच्या तोंडाला ढेकूळ बसलं. दारं फुडं पळंना.”

“बरोबर. आणि पुढं पळंना म्हटल्यावर पाणी कुठं जाईल?”

“मागं. बांध फुटंल.”

“तो बांध म्हणजे तुमची मूत्रपिंडं,” डॉक्टर म्हणाले. इतकं समजावल्यावर आबांनी ऑपरेशनला एका शब्दानंही नकार दिला नाही. आपल्याकडं माणसं ऑपरेशनला भितात, ती बहुतेक वेळा काय कापणार हे कुणी सांगत नाही म्हणून, असं माझं मत आहे. पोट उघडायचं नव्हतं. वाटेतनंच दुर्बीण घालून गाठ आतनं खरवडून काढली. दोन दिवस पिशवीत तांबूस पाणी उतरत होतं, नानी ते बघून पदर तोंडाला लावायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ झालं, नळी काढली. काढलेले तुकडे तपासायला गेले, त्यात वाईट काही निघालं नाही. दीड महिना ओझं उचलायचं नाही, बैलगाडीत बसायचं नाही, कुंथायचं नाही, असं सांगून घरी सोडलं. निघायच्या दिवशी आबांनी हट्टानं रिक्षा तंतुवाद्यांच्या दुकानांकडनं न्यायला लावली. भोपळे टांगलेले होते, कुणी तार लावत होतं. आबा आतच बसून बघत होते.

त्या आषाढीला आबा लोणंदला गेले. गावानं पुन्हा कुजबुज केली, ती वेगळी.

मग एक नवंच प्रकरण सुरू झालं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर एकेक म्हातारा यायला लागला. तंबाखू मळायची, पावसापाण्याचं बोलायचं आणि बाकीचे उठले की हळूच आबांच्या कानाशी लागायचं. आबांना आता लाज उरली नव्हती, ते मोठ्यानं विचारायचे. “रातच्याला किती येळा उठतूस? हुभा ऱ्हायल्यावर धार लगीच येती का वाट बगाया लागती? झाल्यावर मोकळं वाटतं का आत ऱ्हायल्यागत?” म्हातारे इकडंतिकडं बघायचे. सगळ्यांना कापावं लागलं असं नाही. काहींचं गोळ्यांवर भागलं. एकाला रक्तातली साखर निघाली, त्याच्या लघवीला मुंग्या लागत होत्या आणि तो मुंग्यांवर पावडर टाकत होता. एकजण निजताना दोन कप चहा प्यायचा, त्याला आबांनीच चहा सोडायला लावला.

एकाचं मात्र वेगळं होतं. त्याला दोनदा लाल लघवी झाली होती. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उष्णता म्हणून सोडून दिलं होतं. आबांना मिरजेच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलेलं पक्कं ध्यानात होतं, की रक्त एकदाच दिसलं आणि अजिबात दुखत नसलं तरी थांबायचं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात त्याला गाडीत बसवलं. मूत्राशयात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी विडी किती ओढता ते विचारलं. विडीचं विष लघवीवाटे बाहेर जाताना मूत्राशयातच साठून राहतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. वेळेत गेला म्हणून दुर्बिणीवरच भागलं. पुढं पुष्कळ वर्षं तो दर काही महिन्यांनी तपासणीला जात राहिला.

हे सगळं चाललेलं असताना नानी एकदा चुलीपुढनं म्हणाली, “गड्यांचं समदं गावाला कळलं. बायकांचं कोन इचारतंय?”

तेव्हा आमच्या घरात संडास नव्हता. बायका उजाडायच्या आत जायच्या, ते दिवे लागल्यावर. रानात आडोसा तरी मिळायचा. गावात असल्या की दिवसभर रोखून धरायचं. बाजाराच्या दिवशी नानी सकाळपासनं पाण्याचा थेंब तोंडाला लावायची नाही, कारण एस.टी. स्टँडवर जायचं कुठं? वर्षातनं तीन-चार वेळा तिला उन्हाळी लागायची, कधी अंगात कणकण, कंबर धरायची. शिवाय खोकलं की लुगडं ओलं व्हायचं. चार बाळंतपणं झाल्यावर असं होतंच, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं होतं. तिथंच विषय संपला होता.

आबांच्या दुसऱ्या तपासणीला ती बरोबर आली आणि सगळं झाल्यावर उठायच्या वेळी म्हणाली, “डागदर, मलाबी इचारायचं हाय.” आबा बाहेर जाऊन बसले. डॉक्टरांनी तिची लघवी तपासायला पाठवली, त्यात पू निघाला. औषधं पुरी करायला सांगितली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि एका बाई डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी खोकल्याबरोबर होणाऱ्या त्रासावर व्यायाम सांगितला. लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातनं तीन वेळा.

नानी हसायला लागली. “बाई, जल्मभर त्येच केलं की वो मी.”

बाई डॉक्टर हसल्या नाहीत. रोखून धरणं वेगळं आणि हा व्यायाम वेगळा, हे त्यांनी शांतपणे समजावलं. नानीनं दळताना, निवडताना तो नेमानं केला. दोन-तीन महिन्यांत निम्मा त्रास गेला. उन्हाळीही कमी झाली, पण बाजाराच्या दिवशी पाणी न पिण्याची सवय काही सुटली नाही. घरामागं संडास झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, धाकट्याच्या लग्नाआधी. मुलीकडची माणसं शहरातली होती, त्यांची गैरसोय नको म्हणून.