पाळण्याचा मालक

मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा पंचांगांत सांपडत नाहीं. देवीचा कौल झाला कीं तिची तारीख ठरते. बाळपणीं ही तारीख कानावर आली कीं मावशीकडे आमचा मुक्काम ठरलेला असे. आणि देवीच्या दर्शनापेक्षां आमचें लक्ष पाळण्याकडे अधिक असे, हें आतां पन्नाशी उलटल्यावर कबूल करावयास हरकत नाहीं. भात कापून रिकाम्या झालेल्या कुणग्यांत तो लांकडी पाळणा उभा राही. पाळणेवाला घाटावरून येई, हातानें पाळणा फिरवी, आणि दीड दिवसाची जत्रा सरली कीं खांब उपटून चालता होई. कुणग्याच्या धन्यास चार रुपये मिळत. पुढल्या आषाढांत लावणीच्या वेळीं चिखलांत फुटक्या बांगड्यांच्या कांचा निघत, तेवढीच त्या साऱ्या मौजेची खूण. देऊळ आंगण्यांचें खाजगी, जत्रा सर्वांची, पाळणा परक्याचा, जमीन चौथ्याची. पण या चौघांत मालकीचा तंटा झाल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं.

हें सारें आठवण्यास निमित्त झालें तें एका सातबाऱ्याच्या उताऱ्याचें. पंधराएक वर्षांपूर्वीं आमच्याच मालवण तालुक्यांत, तोंडवळी-वायंगणीच्या किनाऱ्यालगत, 'सी वर्ल्ड' नांवाचें भव्य सागरी करमणूक-उद्यान उभारण्याचें सरकारनें योजिलें. तेराशेंहून अधिक एकर जमीन त्यास हवी होती. त्या बाजूस आमची चार एकर वडिलार्जित कातळजमीन आहे. उताऱ्यावर नांवें सतरा, राबता मात्र एकट्या चुलतबंधूंचा. पावसाळ्यांत तेथें गवत होतें, आणि त्या गवतावर त्यांचीं गुरें जगतात. आम्हांस त्या वर्षीं मुलीच्या शिक्षणासाठीं पैशाची निकड होती, आणि मोबदल्याच्या आंकड्याकडे आमची दृष्टि वारंवार वळे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. बंधूंनीं एवढेंच विचारलें, "दादा, तुमी प्रोफेसर. आज सरकार म्हणतत; उद्यां ह्येचो मालक कोण असतलो?"

थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' शिकवितांना लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेचें वर्णन आम्हीं वर्गांत कितीदां तरी रंगवून केलें असेल. पण ती बाग कोणाची, हा प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता. जोनाथन टायर्स यानें १७२९ सालीं ती भाडेपट्ट्यानें घेऊन नांवारूपास आणली. टायर्स गेले, दुसरे आले, आणि १८५९ सालीं ती बंद पडून तेथें घरें उठलीं. आपल्याकडे एवढा काळहि लागत नाहीं. गोराईचें 'एस्सेलवर्ल्ड' १९८९ सालीं उघडलें आणि २०२२ सालीं मिटलें. होडींतून तेथें गेलेलीं मुलें अजून चाळिशींत आहेत. खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनीं २०१३ सालीं 'इमॅजिका' उभारलें. कर्जाच्या ओझ्याखालीं तें वाकलें, आणि २०२२ सालीं संगमनेरच्या मालपाणी घराण्याकडे गेलें. जर्द्याच्या व्यापारानें मोठें झालेलें घराणें मुलांच्या पाळण्यांचें धनी व्हावें, ही गंमत आहे खरी! पण पाळण्यांत बसलेल्या मुलास त्याची दादहि नसते, आणि नसावी हेंच बरें.

हें सारें आम्हीं बंधूंस सविस्तर पत्रानें कळविलें. लिहितां लिहितां एक गोष्ट मात्र ध्यानांत आली. या हस्तांतरांच्या कथेंत संस्थापक होते, सावकार होते, नवे धनी होते. उद्यान होण्यापूर्वीं त्या जमिनीवर ज्यांचीं गुरें चरत असतील, त्यांचें नांव कोठेंच नव्हतें. त्यानंतर मोबदल्याचा विषय आम्हीं काढला नाहीं. तरी स्पष्ट नकारहि आमच्या लेखणींतून उतरला नाहीं. आमचा हा भित्रेपणा ग्रामस्थांच्या विरोधाआड झांकला गेला. पुढें प्रकल्पाचें क्षेत्र साडेतीनशें एकरांपर्यंत उतरलें. उद्यान मात्र उभें राहिलें नाहीं. उताऱ्यावर अजून सतरा नांवें आहेत.

अलीकडे बंधूंसह आंगणेवाडीस गेलों होतों. पाळणा आतां लोखंडी, विजेवर फिरणारा, माडाहूनहि उंच. बंधूंनीं तिकिटें देणाऱ्या पोरास विचारलें, "पाळणो तुझो काय रे?"

"नाही काका, शेठचा. शेठला आम्हीसुद्धा पाहिलेलं नाही."

बंधूंनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि नातवाचा हात धरून ते पाळण्यांत चढले.