फुटाळ्याची डबलसीट

नागपूर सपाट आहे, असे परगावचे पाहुणे म्हणतात. स्टेशनवर उतरायचे, झीरो माईलचा खांब पाहायचा, संत्र्याची बर्फी बांधून घ्यायची आणि परतीची गाडी धरायची. एवढ्या घाईत त्यांना इथला चढ दिसावा कसा? या शहराचा उंचसखलपणा ठाऊक असतो तो सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना. आणि त्याहून नेमका ठाऊक आहे तो माझ्या एका स्नेह्यांना. हे गृहस्थ संगीताचे शिक्षक. जन्मापासून दृष्टी नाही. त्यांच्याच कृपेने माझ्यासारख्या चाळिशी लावणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला 'पायलट' ही पदवी लाभली.

विमानाचा नव्हे हो, टँडेमचा! टँडेम म्हणजे दोघांची लांबोडकी सायकल. पुढे डोळस बसतो तो पायलट. हँडल, ब्रेक, गिअर सारे त्याच्या हाती. मागे अंध स्वार. त्याला इंग्रज लोक 'स्टोकर' म्हणतात, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. आपल्या डबलसीटमध्ये पाय एकाचे आणि भार दुसऱ्याचा. इथे तसे नाही. दोघांची पायडले एका साखळीने अशी बांधलेली असतात की एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही थांबतात. चोरून विसावा कोणालाच नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी, एका सायकलवेड्या मित्राची टँडेम मागून घेऊन, आम्ही अमरावती रस्त्यावरून फुटाळ्याकडे निघालो. पाच मिनिटांतच मागून सूचना आली, "सर, वर्णन नको. क्रियापद आधी सांगा!"

मराठीत क्रियापद शेवटी येते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. सायकलवर मात्र 'पुढे डाव्या बाजूला एक मोठा खड्डा आहे' हे वाक्य पुरे होण्याआधीच खड्डा मागच्याच्या कमरेत पोहोचतो. म्हणून 'थांबा', 'वळतो', 'उचला' असे एकेक शब्द, आणि तेही दोन क्षण आधी. पायलटचे अर्धे काम पायांचे आणि अर्धे जिभेचे.

तलाव आला हे मात्र त्यांनीच मला सांगितले. डाव्या गालाला गार लागले म्हणाले. चहाच्या टपरीवरचा एकजण ओरडला, "काहून भाऊ, पुढच्यानं ओढाचं अन् मागच्यानं नुसतं बसाचं काय?"

"हाव ना, तिकीट काढलं मी!" मागून उत्तर गेले.

सेमिनरी हिल्सचा चढ आम्ही धापा टाकत चढलो. परतीच्या उतारावर मी दोन्ही ब्रेक घट्ट धरले होते. ते म्हणाले, "सर, जन्मात मी कधी धावलो नाही. थोडा सोडा." माझ्या चार बोटांवर दोन घरे होती. रस्ता दूरवर रिकामा दिसला. 'सोडतो' म्हटले, आणि सोडला. मागून एक लांब तान निघाली, ती उतार संपेपर्यंत थांबली नाही.

हेच काम आयुष्याचा उद्योग म्हणून करणारी माणसे जगात आहेत. स्कॉटलंडच्या क्रेग मॅक्लीनने २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. पुढे ४१व्या वर्षी, २०१२च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये, अँथनी कॅपेसच्या पुढे बसून त्याने सुवर्ण जिंकले. अंतिम फेरीत समोर होता नील फॅची, आणि फॅचीचा पायलट बार्नी स्टोरी. हा स्टोरी २००८ साली बीजिंगमध्ये याच कॅपेसच्या पुढे बसून जिंकला होता! अशी ही सोयरीक: आज ज्याचे डोळे व्हायचे, उद्या त्याच्याशीच झुंजायचे. पदक मात्र दोघांच्याही गळ्यात पडते, हा न्याय मला फार आवडला.

आपल्याकडेही पुण्याचे दिव्यांशु गणात्रा आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी १९व्या वर्षी गेली. २०१६ साली ते टँडेमवरून मनालीहून निघून खारदुंग ला चढून गेले. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी, जवळजवळ पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये उतरल्या; त्यांची सायकल एकटीची. टँडेमवर मात्र भारताचे कोणी तिथे नव्हते.

वैदर्भीय पायांत जोर आहे, हे यावरून सिद्धच आहे. अडते ते पुढच्या जागेपाशी. स्वतःसाठी दौडणारे पुष्कळ भेटतात. आपला वेग दुसऱ्याला देणारा आणि आपण पाहिलेले त्याच्यासाठी वेळेवर बोलणारा विरळा. माझे स्नेही दर शनिवारी संध्याकाळी फोन करतात आणि एवढेच विचारतात, "उद्या येता ना?" त्यांच्या शाळेत असे विचारू इच्छिणारी आणखी बरीच मुले आहेत. माझ्याजवळ पुढची जागा एकच आहे.