दाभोळची फेरीबोट आणि वणंदची वाट

सुट्टी लागली की आपल्या घरांतून ठरते ते नातेवाईकांचे गाव, नाहीतर चैत्यभूमी, दीक्षाभूमी. निव्वळ आनंदासाठी चार दिवस फिरणे ही आपल्याकडे अजून चैन समजली जाते. यंदा आम्ही दोन कुटुंबे गाडी करून कोल्हापुराहून आंबा घाटाने कोकणात उतरलो. घाई करायची नाही, एवढाच नेम केला.

रत्नागिरीहून उत्तरेकडे निघाले की खाड्या आडव्या येतात. जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि शास्त्री नदीचे मुख ओलांडून तवसाळला उतरायचे. गुहागरच्या किनाऱ्यावर मुले मनसोक्त खेळली. पुढे धोपाव्याहून पुन्हा फेरीबोट. वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ. ही फेरी २००३ साली सुरू झाली. एरवी चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. बोटीवर मोटारी, दुचाक्या, टोपल्या घेतलेल्या बायाबापड्या, सारे खेटून उभे. तिकीट काढले की झाले. जात कोणी विचारीत नाही.

मुलांना आम्ही तिथेच बाबासाहेबांच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला भिवा, त्याचा भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच कोणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवान बाजूने पायी चालणार, असे ठरले. शिदोरी होती, पण वाटेत पाणी मिळाले नाही. पोरे उपाशीच निजली. मुले ऐकता ऐकता गप्प झाली.

समोर दाभोळ बंदर आले. याच बंदरातून माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवीत. दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रमाईंचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात त्यांचे लग्न लागले. आज वणंदला त्यांचे स्मारक आहे. तेथे आम्ही सर्वांनी वंदन केले.

दुसऱ्या दिवशी पन्हाळेकाजीला गेलो. कोटजाई नदीच्या काठी २९ लेण्यांचा समूह आहे. आरंभीची लेणी बौद्धांची, पुढे नाथपंथीयांचीही. नदीच्या पाण्यात पाय सोडून आम्ही डबे उघडले.

बांधवांनो, भगिनींनो, आपला निवांत प्रवास फुकट आलेला नाही. बैलगाडीसाठी अडवलेल्या त्या मुलाने आयुष्य झिजवले आणि बंदरावरच्या हमालाच्या लेकीने त्याला साथ दिली, म्हणून आपण आज गाडीत बसून खाडी ओलांडतो. तेव्हा येत्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर निघा. समुद्र पाहा, मासे खा, हसा. आणि दाभोळला उतरलात की वणंदची वाट चुकवू नका. जय भीम!