पब, चर्च आणि टाकळघाट

‘नागपुरात पाहण्यासारखं काय आहे?’ पुण्या-मुंबईच्या मित्रांनी विचारलं तर आपलं उत्तर तयार असतं. तर्री पोहे, सावजी, संत्रा बर्फी. विषय संपला! पण हाच प्रश्न आमच्या ऑफिसात इंग्लंडहून आलेल्या क्लायंटने विचारला आणि सगळी टीम एकमेकांकडे बघायला लागली.

त्याचं गाव नॉरफोकच्या समुद्रकिनाऱ्यावर. रविवारचा त्यांचा कार्यक्रम म्हणे ठरलेला. एखाद्या जुन्या दगडी चर्चपासून चालायला लागायचं, कबरींवरची नावं वाचायची, वाटेतला पडका किल्ला बघायचा आणि शेवट गावच्या पबमध्ये. प्रत्येक पबची एक गोष्ट, प्रत्येक पाद्र्याच्या नावाची एक पाटी. ‘इथेही असं काही असेल ना?’ बॉस म्हणाले, ‘मॉलमध्ये ने त्याला.’ रविवार माझा, पेट्रोल ऑफिसचं. मॉल कॅन्सल!

सुरुवात सोपी होती. सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल. १८५१चं हे चर्च पुढे वाढवलं, त्यात जी. एफ. बोडली या आर्किटेक्टचा हात होता. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलचा पहिला आराखडा करणारा तोच हा बोडली. आपण रोज याच्या शेजारून हॉर्न वाजवत जातो, बरं का! मग सीताबर्डीचा किल्ला, अर्थात खालूनच. तो लष्कराच्या ताब्यात, वर्षातले मोजके दिवस उघडतो. १८१७च्या नोव्हेंबरात याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. ‘म्हणजे तुम्ही जिंकलात,’ मी म्हटलं. पाहुणा बिचारा ओशाळला.

सिव्हिल लाइन्समध्ये त्याने पाटी वाचली. ‘हिस्लॉप कोण?’

आता गंमत बघा. माझे बाबा हिस्लॉपचे. तिथली कॅन्टीन, तिथली गॅदरिंग्ज, सगळं ऐकत मी मोठी झाले. हिस्लॉप हा माणूस होता, हे मात्र घरात कधी निघालंच नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी निघालं?

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री. १८४५ मध्ये नागपूरला आला. धर्मांतरासाठीच आला होता, आणि त्यावरून तेव्हाही शहरात तंटे झाले. ते झाकायचं कारण नाही. पण हा गृहस्थ फावल्या वेळात दगड फोडत फिरायचा. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्याने जमवले, इथल्या भूगर्भावर निबंध लिहिले. त्याच्या नावाचं एक खनिजही आहे, हिस्लोपाइट. गोंडांच्या लिंगो देवाची गाणी त्याने उतरवून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल यांनी ते कागद छापले. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. कॉलेज त्याच्या पश्चात, १८८३ मध्ये निघालं.

मृत्यूची गोष्ट ऐकून पाहुणा गाडीत गप्पच झाला. ४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप आणि चीफ कमिशनर टेम्पल बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेले होते. कशासाठी? तिथली दगडांची वर्तुळं बघायला. परतताना हिस्लॉप मागे राहिला. अंधार पडला, पाणी चढलेलं. छावणीवर घोडा आला, पाठीवर कोणी नव्हतं. नंतर पाण्यात त्याचा देह सापडला. वय पंचेचाळीस.

ती वर्तुळं म्हणजे लोहयुगातली थडगी. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. मोठमोठे धोंडे गोल मांडायचे, आत माणूस पुरायचा, सोबत भांडी, लोखंडी हत्यारं. विदर्भातल्या उत्खननांत काही ठिकाणी घोड्यांचे सांगाडेही निघाले, तांब्याच्या साजासकट. टाकळघाट-खापा इथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी खोदकाम केलं.

टाकळघाट लांब पडलं असतं, म्हणून आम्ही काटोल रोडने जुनापाणीला गेलो. तिथे अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. झुडपांत, उघड्या माळावर. पहिल्या वर्तुळावरून आम्ही सरळ चालत गेलो, कळलंच नाही! मग नजर बसली आणि जिकडेतिकडे गोलच गोल. जवळ एक बकऱ्या चारणारे काका होते. म्हणाले, ‘एवढ्या लांबून गोटे पाह्यले आले काय?’ हो म्हटलं. शहर इकडे सरकतंय. धोंडा हलवायला जेसीबीला पाच मिनिटं पुरतात, आणि ज्याला तो नुसता गोटा वाटतो तो कशाला थांबेल?

राहिला पब. टाकळघाटच्या रस्त्यावर तो शोधलात तर जपून. थोडं पुढे गेलं की वर्धा जिल्हा, म्हणजे दारूबंदी! आम्ही सावजीत गेलो. पाहुण्याने तीन ग्लास पाणी पिऊन रस्सा संपवला. जाताना म्हणाला, त्याच्या गावात असा माणूस बुडाला असता तर पबलाच त्या घोड्याचं नाव दिलं असतं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तीन वर्षं शिकलो तिथे. कोणी सांगितलंच नाही बेटा.’ पुढच्या रविवारी टाकळघाटला जायचं ठरलंय. स्कूटर तेच चालवणार म्हणतात, मी मागे बसायचं.